प्रोसेसरचें कूळ आणि मूळ: बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत एक फेरी

मुंबईच्या उपनगरांविषयीं लिहावयास बसलेला लेखक बहुधा कान्हेरीच्या लेण्यांपासून आरंभ करतो, आणि तें योग्यहि आहे. बोरिवलीच्या पूर्वेस डोंगरांत कोरलेलीं तीं शंभराहून अधिक लेणीं, त्याच डोंगराच्या कुशींतले तुळशी, विहार व पवई हे तीन तलाव, पश्चिमेच्या बाजूस बोरिवली व अंधेरी, पूर्वेच्या बाजूस मुलुंड व घाटकोपर, असा हा प्रदेश एके काळीं मुंबईकरांच्या सहलीचा होता. विहार तलावाचें पाणी १८६० सालीं नळानें मुंबईस गेलें, तेव्हांपासून या डोंगराचें व शहराचें नातें जडलें. परंतु प्रस्तुत लेखांत लेणीं व तलाव यांचें वर्णन नाहीं. याच प्रदेशांत फिरून आम्हीं एका अगदीं लहान, नखाएवढ्या वस्तूविषयीं जी माहिती मिळविली, ती वाचकांपुढें ठेवावयाची आहे. ती वस्तु म्हणजे संगणकाचा प्रोसेसर. आणि प्रश्न असा कीं, तो ज्या देशांत तयार झाला त्या देशावर त्याचा गुण अवलंबून असतो काय?

हा प्रश्न निघाला बोरिवलीस, आमच्या भगिनीच्या सासरीं. घर भरलेलें, दोन भावांचीं कुटुंबें एकाच चुलीवर जेवणारीं. मुलांचा अभ्यास, थोरल्या दिरांचें हिशेबाचें काम आणि भाच्याचें चित्रफितींचें काम, या सर्वांस मिळून एक चांगला संगणक घ्यावा असें ठरलें होतें व त्यासाठीं चौघांनीं आपापल्या मिळकतींतून पैसे बाजूस ठेविले होते. रात्रीं जेवणें आटोपल्यावर भाचा म्हणाला, "मामा, एकाच नमुन्याचे दोन प्रोसेसर असले तरी मलेशियाचा निराळा आणि व्हिएतनामचा निराळा, असें आमच्या वर्गांतलीं मुलें म्हणतात. एकाचा ठोका हवा तितका वाढवितां येतो, दुसरा लगेच तापतो. दुकानदार हव्या त्या देशाचा डबा शोधून देतो. मात्र हजार रुपये अधिक मागतो."

त्याचे आजोबा जवळच सुपारी कातरीत बसले होते. ते हंसून म्हणाले, "ऋषीचें कूळ आणि नदीचें मूळ विचारूं नये म्हणतात. पण पदरचे पैसे मोजून घ्यावयाच्या जिनसेचें मूळ अवश्य विचारावें. फक्त, बाळ, आपण कोणतें मूळ विचारतों आहों, हें विचारणाऱ्यास ठाऊक पाहिजे." आजोबांच्या या बोलण्यांत प्रश्नाचें अर्धें उत्तर होतें, हें पुढें दिसून येईल.

ठोका वाढविणें म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा करितों. प्रोसेसरच्या पोटांत ट्रान्झिस्टर नांवाचीं विजेचीं अतिसूक्ष्म बटणें अब्जावधि असतात. लेझमीचें पथक जसें हलगीच्या ठेक्यावर पावलें टाकतें, तशीं हीं सर्व बटणें एका ठोक्यावर चालतात. चार गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदास चार अब्ज ठोक्यांचा. त्या नमुन्याचा प्रत्येक नग उन्हाळ्यापावसाळ्यांत वर्षानुवर्षें निर्धास्त चालावा, इतक्या बेतानें कारखानदार हा आंकडा ठरवितो. त्यामुळें पुष्कळ नगांच्या अंगीं थोडी अधिक धांव शिल्लक असते. ती धांव वापरून ठोका मुद्दाम वाढविणें, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. यास किंमत पडते ती उष्णतेची. ठोका वाढवावयाचा तर बहुधा विजेचा दाबहि वाढवावा लागतो, आणि उष्णता ठोक्याच्या प्रमाणांत व दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे ठोका व दाब हीं दोन्ही शेंकडा दहा वाढविलीं, तर उष्णता शेंकडा दहा नव्हे, सुमारें तेहतीस वाढते. हें गणित पुढें मुलुंडास पुन्हां उपयोगी पडेल.

दुसरे दिवशीं भाच्यास बरोबर घेऊन आम्ही निघालों. बोरिवलीहून लोकलनें अंधेरी, तेथून मेट्रोनें मरोळ नाका, व तेथें भुयारी मेट्रोंत बसून दुसऱ्या स्थानकावर उतरलें म्हणजे सीप्झ येतें. सीप्झ हें नांव ज्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनलें आहे, त्यांत पहिला शब्द सांताक्रूझ हा आहे. जागा मात्र अंधेरीची! पाटीवरील गांव एक आणि वस्तूचें गांव दुसरें, याचा पहिला धडा येथें प्रवेशद्वारींच मिळतो. १९७३ सालीं केंद्र सरकारनें हें क्षेत्र केवळ इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून परदेशीं पाठविण्यासाठीं स्थापिलें. पुढें येथें जडजवाहिराच्या कारखान्यांसहि मुभा मिळाली, आणि आज दागिन्यांचा धंदा हा येथील एक मोठा धंदा आहे. १९८० च्या दशकांत टंडन या कंपनीच्या येथील कारखान्यांत संगणकाच्या डिस्क-यंत्रांचे भाग बनत व ते अमेरिकेस जात. अमेरिकेंतील ज्या घरांत तीं यंत्रें चाललीं, तेथील माणसांस अंधेरी हें नांव ठाऊक असण्याचें कांहीं कारण नव्हतें. त्यांनीं पाहिलें तें डब्यावरील नांव.

प्रोसेसरची गोष्ट याहूनहि गुंतागुंतीची आहे. त्याचा जन्म एका जागीं होत नाहीं. प्रथम आराखडा काढणारी मंडळी. त्यांचें ठिकाण एक. नंतर मुख्य कारखाना, ज्यास फॅब म्हणतात. तेथें शुद्ध सिलिकॉनच्या बारा इंची गोल चकतीवर प्रकाशाच्या साहाय्यानें नक्षी उमटविणें, कोरणें, धातूचे थर चढविणें अशीं शेंकडों कामें होतात व एका चकतीस दोनतीन महिने लागतात. या चकतीसच वेफर म्हणतात. तिसऱ्या ठिकाणीं ती चकती कापून तिचे चौकोनी तुकडे करतात, प्रत्येक तुकडा हिरव्या पट्टीवर बसवितात, वर धातूचें झांकण घालतात आणि नंतर तापवून, चालवून त्याची परीक्षा घेतात. ही जोडणी व चांचणी जेथें होते, त्या देशाचें नांव बहुधा डब्यावर छापलेलें असतें. इंटेल कंपनीचे फॅब अमेरिकेंत ऑरेगन व ॲरिझोना येथें, तसेच आयर्लंड व इस्रायल येथें आहेत. जोडणीचे कारखाने मलेशियांत पेनांग येथें १९७२ पासून व व्हिएतनामांत हो चि मिन्ह नगरीं २०१० पासून आहेत. तेव्हां "हा प्रोसेसर मलेशियाचा" याचा अर्थ इतकाच कीं, त्यास मलेशियांत अंगरखा चढविला आणि तेथें त्याची परीक्षा झाली. त्याचा पिंड अन्यत्र घडलेला असतो.

भाच्यास हें पटविण्यास आम्हांस आंब्याचें उदाहरण पुरलें. देवगडचा हापूस आणि कर्नाटकाचा आंबा यांत भेद आहे, कारण माती, खारा वारा व हवा हीं फळाच्या अंगांत उतरतात. २०१८ सालीं कोंकणच्या हापुसास सरकारदरबारीं भौगोलिक मानांकन मिळालें तेंहि याच कारणानें. परंतु पेटी वाशीच्या बाजारांत भरली म्हणून आंबा वाशीचा होत नाहीं. प्रोसेसरच्या डब्यावरील देश हें पेटी भरल्याचें गांव आहे, बागेचें नव्हे.

सीप्झहून भुयारी मेट्रोनें आतां थेट ग्रँट रोडास जातां येतें. २०२५ च्या ऑक्टोबरांत हा मार्ग कफ परेडपर्यंत पूर्ण झाला. उपनगरांतील मंडळी संगणकाचें सामान घ्यावयास जेथें जातात तो लॅमिंग्टन रोड तेथून जवळच आहे. सरकारी नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांच्या तोंडीं जुनेंच नांव. एका दुकानांत भाच्यानें निरनिराळे डबे मागवून घेतले. एएमडी कंपनीचा २०१९ च्या पिढींतील एक जुना रायझन प्रोसेसर तेथें होता. त्याच्या झांकणावर तीन देशांचीं नांवें कोरलेलीं: पिंड घडला अमेरिकेंत, पिंड घडला तैवानांत, आणि वस्तु बनली चीनमध्यें. याचें कारण असें कीं, त्या प्रोसेसरांत एकाहून अधिक तुकडे असून गणिताचे तुकडे तैवानांत व बाहेरच्या जगाशीं व्यवहार करणारा तुकडा अमेरिकेंत घडे, आणि सर्वांची जोडणी चीनमध्यें होई. आजोबांनीं म्हटलेलें "कोणतें मूळ?" हें तेथें एका इंचांत वाचावयास मिळालें.

मग मुलांमधील ही समजूत मुळांतच खोटी काय? तसेंहि म्हणतां येत नाहीं. तिला एक इतिहास आहे. १९९८ च्या ऑगस्टांत इंटेलनें सेलेरॉन ३००ए नांवाचा स्वस्त प्रोसेसर बाजारांत आणला. त्याचा ठोका ३०० मेगाहर्ट्झ. ६६ च्या मूळ गतीस साडेचारांनीं गुणून आलेला. हौशी लोकांनीं मूळ गति ६६ ऐवजीं १०० केली, आणि तोच प्रोसेसर ४५० वर, म्हणजे दीडपट वेगानें, विनातक्रार चालूं लागला. त्या वेळचा सर्वांत महाग पेंटियम त्याच वेगाचा होता. एवढें घबाड हातीं लागल्यावर कोणता नग चालतो व कोणता चालत नाहीं याचा शोध सुरू झाला. कांहीं नगांवर मलेशिया व कांहींवर कोस्टा रिका हीं नांवें असल्यामुळें जगभर दोन पंथ निर्माण झाले, आणि प्रत्येक पंथ आपल्या देशाचा अभिमानी!

या भेदाचें खरें कारण पहावें. तळणाचा पहिला घाणा आणि चौथा घाणा सारखा उतरत नाहीं, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. फॅबमध्यें तेंच घडतें. नव्या नमुन्याच्या पहिल्या चकत्यांपेक्षां सहा महिन्यांनंतरच्या चकत्या बहुधा अधिक चांगल्या असतात, कारण कारागिरांचा हात बसतो. एखाद्या महिन्यांत चांगला घाणा कोस्टा रिकास गेला, तर त्या महिन्यांत कोस्टा रिकाची कीर्ति होते. पुढील महिन्यांत तोच घाणा पेनांगास गेला, कीं कीर्ति उलटते. घाण्याचा गुण गांवास चिकटतो. शिवाय ज्याचा नग उत्तम चालला तो दहा जणांस सांगतो. ज्याचा चालला नाहीं तो गप्प बसतो. आणि कोस्टा रिकाचें पुढें काय झालें तेंहि पहावें. तेथील जोडणीचें काम २०१४ सालीं थांबलें, कांहीं वर्षांनीं पुन्हां सुरू झालें, आणि २०२५ सालीं तें व्हिएतनाम व मलेशिया येथें हलविण्याचें कंपनीनें जाहीर केलें. कारखाना उठतो, बसतो. प्रोसेसरचा पिंड त्यामुळें बदलत नाहीं.

आतां दुसरी बाजू. जोडणीचें गांव सोडून फॅबचें गांव विचारलें, तर भेद सांपडतो काय? कधीं कधीं सांपडतो, आणि तो मोठा बोधप्रद आहे. २००० सालीं एएमडीचा ॲथलॉन प्रोसेसर दोन ठिकाणीं घडे: अमेरिकेंत टेक्सस प्रांतीं ऑस्टिन येथें, व जर्मनींत ड्रेस्डेन येथें. ऑस्टिनला आंतील तारा ॲल्युमिनियमच्या, ड्रेस्डेनला तांब्याच्या. तांब्यांतून वीज अधिक सहज वाहते, म्हणून जाणकार लोक ड्रेस्डेनचा नग शोधीत. तथापि हा गुण जर्मनीचा नव्हे, तांब्याचा होय. तीच कृति टेक्ससांत केली असती, तर तोच गुण तेथें उतरला असता. २०१५ सालचें ॲपलच्या फोनाचें उदाहरण असेंच आहे. एकच ए९ चिप सॅमसंगनें चौदा व तैवानच्या टीएसएमसीनें सोळा नॅनोमीटरच्या पद्धतीनें बनविली. कोणती बरी यावर वाद माजला, तेव्हां ॲपलनें सांगितलें कीं, नेहमींच्या वापरांत बॅटरीच्या टिकण्यांत दोनतीन टक्क्यांचाच फरक पडतो. दोन देश, दोन कारखाने, दोन कृति. आणि फरक एवढा!

उलट कृति एकच ठेवली तर देश बदलूनहि गुण बदलूं नये, यासाठीं कारखानदार किती झटतात हें ऐकण्यासारखें आहे. इंटेलमध्यें "तंतोतंत नक्कल" या अर्थाच्या नांवाची एक शिस्त आहे. नवा फॅब उभारतांना यंत्रें, रसायनें, कामाचा क्रम, इतकेंच नव्हे तर नळ व वाहिन्यांची मांडणीहि जुन्या फॅबबरहुकूम ठेवावयाची. सुधारणा सुचली तरी ती एकट्यानें करावयाची नाहीं, सर्व ठिकाणीं एकदम करावयाची. मुलगी सासरीं गेल्यावरहि आईच्या हातची आमटी जशीच्या तशी व्हावी म्हणून चिंच-गूळच नव्हे तर पातेलें आणि पळीहि माहेरचीच नेण्यासारखा हा प्रकार आहे. 

ग्रँट रोडहून दादरास येऊन, गाडी बदलून आम्ही कांजूरमार्गास उतरलों व रिक्षानें पवईस गेलों. १९५८ सालीं स्थापन झालेली मुंबईची आयआयटी ही या तलावाच्या कांठीं आहे. सोव्हिएट संघ व युनेस्को यांच्या साहाय्यानें ती उभी राहिली. पवईची कोनशिला १९५९ च्या मार्चमध्यें पंडित नेहरूंनीं बसविली. चिपांच्या विद्येचें येथें मोठें केंद्र आहे. चिप घडविण्याच्या खोलीस स्वच्छ-कक्ष म्हणतात. तेथें जाणाऱ्यानें डोक्यापासून पायांपर्यंत निराळीं वस्त्रें चढवावयाचीं, हातमोजे घालावयाचे, गाळलेल्या हवेच्या झोतांतून आंत शिरावयाचें. आमच्या पिढीस हें वाचून देवघराचें सोंवळें आठवेल. फरक एवढाच कीं, येथें विटाळ माणसाचा नसून धुळीचा आहे, आणि तो कोणाच्या जन्माकडे पहात नाहीं.

एवढें सोंवळें पाळूनहि एका चकतीवरील सर्व तुकडे सारखे उतरत नाहींत. नारळाच्या वड्या थाळ्यांत थापून सुरीनें चौकोन पाडले, म्हणजे कांठच्या वड्या अर्धवट तुटतात, कांहीं जाड, कांहीं पातळ होतात. खोबरें, साखर आणि हात एकच असूनहि मधली वडी व कांठची वडी यांत भेद राहतो. बारा इंची चकतीवर थर एखाद्या अणूच्या मापानें कमीजास्त झाला तरी ट्रान्झिस्टरची चपळाई बदलते. म्हणून प्रत्येक तुकडा तपासून त्याची प्रतवारी लावतात. जो वेगानें चालला तो महाग नांवानें विकावयाचा, जो कमी चालला तो स्वस्त नांवानें. मात्र स्वस्त मालास गिऱ्हाईक अधिक असलें, तर चांगले तुकडेहि स्वस्त नांवाखालीं जातात. सेलेरॉनच्या घबाडाचें रहस्य बऱ्याच अंशीं हेंच. तात्पर्य, एकाच दिवशीं, एकाच चकतीवर, शेजारीं शेजारीं जन्मलेल्या दोन तुकड्यांत जो भेद असूं शकतो, त्यापुढें डब्यावरील दोन देशांचा भेद कांहींच नव्हे.

या नैसर्गिक भेदावर पवईसच एक उपाय निघाला आहे. २०२१ च्या आरंभीं आयआयटीच्या व मोहाली येथील सरकारी सेमीकंडक्टर लॅबोरेटरीच्या संशोधकांनीं मिळून एकदांच लिहितां येणारी एक इवलीशी स्मृति चिपेंत बसविण्याची कृति सिद्ध केली. घडणींतील फरकामुळें एखाद्या चिपेंतील तापमापक चुकीचा आंकडा दाखवीत असेल, तर त्या चिपेची चूक किती हें तिच्याच अंगांत कायमचें लिहून ठेवावयाचें व प्रत्येक वेळीं हिशेब दुरुस्त करावयाचा. प्रत्येक नगाचा स्वभाव निराळा, हें मान्य करूनच ही विद्या पुढें जाते. गांवावरून स्वभाव ठरवीत बसत नाहीं.

याच संस्थेंत प्राध्यापक माधव देसाई व त्यांचे सहकारी यांनीं आंखलेला "अजित" हा प्रोसेसर २०१९ सालीं लोकांपुढें आला. त्याचा आराखडा पवईचा; घडण मोहालीची, १८० नॅनोमीटरच्या पद्धतीनें; ठोका ७० ते १२० मेगाहर्ट्झ. मोठ्या प्रमाणांत बनविल्यास नगाची किंमत शंभर रुपयांहून कमी पडेल असा अंदाज होता. घरच्या संगणकासाठीं तो नाहीं. वाहतुकीचे दिवे, कारखान्यांतील यंत्रें अशा ठिकाणीं त्याचा उपयोग. "मामा, फक्त १२० मेगाहर्ट्झ? आपल्या देशाचा म्हणून एवढा मंद काय?" भाच्यानें विचारलें. हाच प्रश्न अनेकांच्या मनांत येतो, म्हणून त्याचें उत्तर नीट दिलें पाहिजे. मद्रास आयआयटीनें "शक्ति" या प्रोसेसरचा एक नमुना २०१८ सालीं अमेरिकेंत ऑरेगन येथें इंटेलच्या २२ नॅनोमीटरच्या फॅबमध्यें घडवून घेतला. तो ३५० मेगाहर्ट्झनें चालला. त्याच वर्षीं त्याच मंडळींचा दुसरा नमुना मोहालीस १८० नॅनोमीटरनें घडला; त्याचा वेग पुष्कळ कमी. बुद्धि तीच, देशहि आराखड्याचा तोच. भेद पडला तो रेघेच्या बारीकपणाचा. जाड बोरूनें आणि बारीक टांकानें एकाच माणसानें लिहिलें, तर एका पानावर मावणारा मजकूर सारखा कसा असेल?

मोहालीचा बोरू जाड कां राहिला, याची कथा चटका लावणारी आहे. तेथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्यें १९८४ च्या सुमारास उत्पादन सुरू झालें. त्या वेळीं आपण जगाच्या फार मागें नव्हतों. १९८९ च्या फेब्रुवारींत कारखान्यास आग लागली व बहुतेक सर्व भस्मसात् झालें. सांवरावयास वर्षें गेलीं, आणि या धंद्यांत वर्षें म्हणजे युगें. आजची १८० नॅनोमीटरची पद्धति इस्रायलच्या टॉवर कंपनीकडून घेतलेली आहे. म्हणजे मोहालीच्या चिपेंतहि कृतीचें माहेर निराळेंच. तथापि त्याच जाड बोरूनें लिहिलेला "विक्रम ३२०१" हा बत्तीस बिटांचा प्रोसेसर अग्निबाणांसाठीं योग्य ठरला व सप्टेंबर २०२५ मध्यें तो जाहीरपणें सादर झाला. अवकाशांत वेगापेक्षां विश्वास मोठा. तेव्हां "गुण" म्हणजे काय, हेंहि वस्तूच्या कामावर ठरतें.

सायंकाळीं पवईहून मुलुंडास एका स्नेह्यांकडे गेलों. महिना वैशाखाचा, घर वरच्या मजल्यावर, डोंगराआड समुद्राचा वारा अडलेला. त्यांच्या चिरंजीवांनीं आपल्या संगणकाचा ठोका वाढविला होता. तो जानेवारींत उत्तम चाले व मे महिन्यांत मधूनच बंद पडे. दोष त्यांनीं प्रोसेसरवरील देशास दिला होता! आतां मघांचें गणित आठवावें. प्रोसेसर आपली उष्णता खोलींतल्या हवेस देतो. खोली वीस अंशांवरून पस्तीस अंशांवर गेली, कीं प्रोसेसरहि जवळजवळ तितकेच पंधरा अंश चढतो. आणि शंभर अंशांच्या आसपास पोंचला, म्हणजे स्वतःस वांचविण्यासाठीं वेग घटवितो. ऑरेगनच्या हिवाळ्यांत कोणी केलेला विक्रम मुलुंडच्या बंद खोलींत होणें नाहीं. कोणी म्हणेल, बर्फानें गार करूं. पावसाळ्यांत येथील हवा इतकी दमट असते कीं, सुमारें पंचवीस अंशांखालीं गार झालेल्या कोणत्याहि वस्तूवर दंव जमतें, आणि संगणकाच्या पोटांत दंव म्हणजे नाश.

म्हणून स्थळाचा प्रश्न निरर्थक नाहीं. तो चुकीच्या टोंकास विचारला जातो इतकेंच. प्रोसेसर कोठें जोडला गेला यापेक्षां तो कोठें बसणार आहे, त्या खोलींत हवा खेळते काय, पेटींतील पंख्याची धूळ महिन्यामहिन्यास कोणी झाडतें काय, यांवर त्याचा वेग अधिक अवलंबून आहे. बोरिवलीच्या घरानें हाच विचार केला. भाच्यानें देश न पाहतां समोर आला तो डबा घेतला, वांचलेल्या हजार रुपयांत थोडी भर घालून चांगला थंडावक पंखा घेतला, आणि संगणकाची जागा पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीकडून उत्तरेच्या खिडकीपाशीं हलविली. पावती हातीं घेऊन आजोबांनीं फक्त तिच्यावरची हमीची मुदत वाचून पाहिली. ठोका मनासारखा वाढविल्यास बहुधा त्या हमीवर पाणी सोडावें लागतें. म्हणून चौघांच्या पैशांच्या त्या यंत्राचा ठोका वाढवावयाचा नाहीं, असें भाच्यानें आपण होऊनच सांगितलें.

लवकरच आपल्या देशाचें नांव असलेल्या चिपा अधिकाधिक दिसूं लागतील. गुजरातेंत साणंद येथें २०२५ च्या ऑगस्टांत सीजी सेमी या कंपनीच्या जोडणी-चांचणीच्या प्रायोगिक कामास आरंभ झाला. धोलेरा येथें टाटांच्या फॅबची पायाभरणी २०२४ च्या मार्चमध्यें झाली. त्या चिपा घरांत आल्यावर कोणी नुसत्या शिक्क्यावरून त्यांस डोक्यावर घेतील, कोणी नाकें मुरडतील. दोघांसहि आमची विनंती एकच: आराखडा कोणाचा, चकती कोणत्या पद्धतीनें घडली, आणि जोडणी कोठें झाली, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे. साणंदचा शिक्का पाहून पिंडहि येथलाच असें समजूं नये. आणि मोहालीचा मंद ठोका पाहून पवईच्या बुद्धीस उणें लेखूं नये.